भोंग्याचा दम

संपादकांनी फोनवर सांगितलं, ‘सिंथेसायझरवर लिहा, पण घरातल्या सगळ्यांना कळेल असं लिहा.’ मी लगेच हो म्हटलं, कारण उन्हाळ्यापासून एक आवाज डोक्यातून जात नव्हता आणि त्याबद्दल कुणाशी तरी बोलायचंच होतं.

परतवाड्यात मी सव्वीस वर्षं टोन बनवतो. ‘टोन’ हा आमच्या लाइनीतला शब्द. कीबोर्डचं बटण दाबलं की सनई वाजते, दुसरं दाबलं की बासरी. त्यातली प्रत्येक चीज म्हणजे एक टोन. धुमाळवाले, ऑर्केस्ट्रावाले, भजनी मंडळं, सगळ्यांना ते लागतात आणि सगळ्यांना वाटतं की ते कंपनीतून तयार येतात. ‘दोन मिनिटांचं काम आहे, पेनड्राइव्हमध्ये टाकून द्या,’ हे मी रोज ऐकतो. एका सनईच्या टोनवर मी अकरा रात्री बसलो आहे. सनईचा सूर लागताना आधी पत्ती चिरकते, त्या एका निमिषासाठी बसलो. ते निमिष काढून टाकलं तर उरलेला आवाज सनईचा आहे की हार्मोनियमचा, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. आवाजाची ओळख त्याच्या चालण्यात असते. तो कसा उठतो, कुठे टेकतो, कसा विझतो. लोक मात्र नुसतं नाव विचारतात.

उन्हाळ्यात अचलपूरचा एक मुलगा आला. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो, लॅपटॉपवर वऱ्हाडीत गाणी करतो. ढोलकी नाही, पेटी नाही, सगळे आवाज यंत्रातून जन्मलेले. त्याचे आजोबा गावातल्या गिरणीत कामाला होते आणि गाणं त्यांच्यावरच होतं. म्हणाला, “काका, गिरनीच्या भोंग्याचा टोन हाय काय तुमच्यापाशी?”

नव्हता. कुणापाशीच नव्हता. रोज तीन वेळा वाजणारा आवाज कोण कशाला रेकॉर्ड करून ठेवेल? गिरणी बंद पडली आणि तो आवाज गेला. म्हटलं, बनवू.

विजेवरच्या भोंग्याची रचना साधी असते. भोकं पाडलेली एक चकती मोटरवर फिरते आणि भोकांतून हवेचे झोत तुटक तुटक सुटतात. समजा दहा भोकं आहेत आणि चकती सेकंदाला ४० फेरे घेते, तर सेकंदाला ४०० झोत. कानाला तो सूर ऐकू येतो, पांढरी पाचच्या किंचित वरचा. मोटर वेग घेते तसा सूर चढतो, वीज तोडली की उतरतो. सिंथेसायझरवर यासाठी सूर काढणारा एक ऑसिलेटर, त्याच्यासोबत थोडी हवेची सळसळ आणि सुराला वर ढकलणारा एन्व्हलप पुरतो. नवखे इथेच चुकतात. ते सूर सरळ रेषेत चढवतात आणि भोंग्याऐवजी खेळण्यातली गाडी वाजते. खरी मोटर आधी झपाट्याने वेग घेते आणि शेवटचा थोडा वेग घ्यायला रेंगाळते, म्हणून चढ वाकडा हवा. शिवाय सुराबरोबर आवाजाची धार कमी-जास्त करणारा फिल्टरही उघडत गेला पाहिजे, कारण भोंगा चढताना उजळतही जातो.

मी हे सगळं केलं. मुलगा खूश झाला. आजोबांनी फोन कानाला लावून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “असा नाई वाजे बाप्पा तो. आगुदर दम घे, मंग चढे.”

हा ‘दम’ समजायला मला आठ दिवस लागले. झोत सेकंदाला वीसच्या आत असतात तोवर कानाला सूर मिळतच नाही, सुटी फडफड मिळते. तेवढा वेळ भोंगा फक्त श्वास घेत असतो. खऱ्या यंत्रात हा टप्पा अर्ध्या सेकंदाचाही नसेल, पण ज्याची पाळी भरत आली आहे त्या माणसाला तो नक्की ऐकू येत असणार. माझा ऑसिलेटर थेट सुरापासून सुरू होत होता. मी त्याला फडफडीपर्यंत खाली नेलं.

त्याच दिवसांत मुलाशी माझा वाद झाला. भोंगा चढून वर टेकला की त्याचाच पुढे ॲसिड हाउस या नाचायच्या संगीतातला ॲसिड बेस व्हावा, अशी त्याची कल्पना होती, आणि ती चांगली होती. पण तो म्हणाला, ‘ॲसिड हाउस तर आपल्या चरणजितसिंगांनीच शोधलं.’ हे वाक्य मला सहन होत नाही. याचं उत्तर मी इथे सविस्तर देणार आहे, वाचकांनी थोडा धीर धरावा.

चरणजित सिंग मुंबईतले सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. यंत्रं तीन, तिन्ही रोलंड कंपनीची : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र. रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये एका डच लेबलने ती पुन्हा काढली आणि जग थक्क झालं, कारण शिकागोच्या फ्युचर या गटाचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ चं आणि त्यातही हेच ३०३. तेव्हापासून ‘पाच वर्षं आधी, मुंबईत’ असा डंका चालू आहे.

तारखा खऱ्या आहेत. पण शिकागोवाल्यांनी काय केलं ते पाहा. एकच सुरावट फिरत ठेवली आणि फिल्टरची कटऑफ व रेझोनन्स ही बटणं फिरवत राहिले. त्यांचं गाणं बटणांच्या फिरण्यात आहे. चरणजितसिंगांचं गाणं रागात आहे. ३०३ हे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय आहे, पण घसरायचा वेळ ठरलेला आणि अगदी थोडा. दोन सुरांचं अंतर असो की सातांचं, वेळ तेवढाच. सतारिया तार ओढून मींड घेतो तेव्हा वेळ त्याच्या हातात असतो. इथे तो यंत्राच्या हातात. वर बारा सुरांची समान वाटणी, म्हणजे तोडीचा उतरलेला गंधार त्यात बसतच नाही. इतक्या अडचणीच्या यंत्राच्या सोबतीने त्या माणसाने दहा राग उभे केले. त्यातून सतारीची मींड निघाली नाही, शिकागोचं ॲसिडही निघालं नाही. तिसरंच काही निघालं आणि त्याला अजून आपण नाव दिलेलं नाही. ‘शोध लावला’ म्हणून आपण त्यांना दुसऱ्याच्या घराण्यात पहिल्या पाटावर बसवतो आणि त्यांनी खरं केलेलं काम ऐकायचं राहून जातं. २०१५ मध्ये ते गेले.

मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग त्यानेच ३०३ची घसर काढून टाकली आणि बेस भोंग्याच्याच वाकड्या चढाने चढवला. ते ऐकून मला फार आनंद झाला.

मुलगा आजोबांना दुसऱ्यांदा ऐकवायला गेला तेव्हा मी सोबत होतो. अचलपूरच्या बिलनपुऱ्यातलं घर, दुपारची वेळ, कूलर बंद करून ऐकलं. म्हणाले, “आता झाला. पन हा लांबचा हाय. आमाले तो डोक्यावर वाजे.”

खरं होतं. माझ्या लहानपणीच्या घरापासून गिरणी दोन किलोमीटर. आवाजाला तेवढं यायला सहा सेकंद लागतात आणि वाटेत हवा नि भिंती त्याची धार खाऊन टाकतात. मी नकळत फिल्टर झाकून, मागे घुमारा ठेवून, माझ्या अंगणात पोचलेला भोंगा बनवला होता. आजोबांचा भोंगा उघडा, खरखरीत, अंगावर येणारा. तसा करायचा तर घुमारा काढावा लागतो, फिल्टर उघडावा लागतो आणि सूर थोडा फाडावा लागतो, कारण इतक्या जवळच्या आवाजाला कानही फाटूनच ऐकतो. तेही केलं. आता दोन टोन आहेत, ‘लांबचा’ आणि ‘जवळचा’. मला अजूनही लांबचाच भोंगा खरा वाटतो. गाणं आजोबांचं आहे म्हणून जवळचा घेतला.

अडलं आहे ते चढावर. माझ्या मते भोंग्याला पूर्ण चढायला दहा सेकंद हवेत. मुलगा म्हणतो, गाण्यात चारच्या वर जागा नाही, लोक पुढे सरकवतात. मी सातवर आलो आहे. दिवाळीत तो घरी येईल तेव्हा पुन्हा बसू.