स्माईल प्लीज... पण जरा थांबा!

‘लेख मस्त झालाय. आता फोटोही तुम्हीच पाठवा ना!’ फ्रीलान्सिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याला पाठ असतं. फोटोग्राफर पाठवायला बजेट नसतं आणि फोटोशिवाय पान लागत नसतं. मग काय, खांद्यावर कॅमेरा, खिशात मोबाईल आणि निघाली आमची स्वारी!

मास कॉमला आम्हाला अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओचा त्रिकोण फळ्यावर काढून शिकवला होता. तो उपयोगी पडतोच. पण मासिकातला फोटो ही जरा वेगळी भानगड आहे. भिंतीवरचा फोटो एकटा असतो. मासिकातल्या फोटोला शेजारी असतात. हेडिंग, मजकूर, जाहिरात. आणि वाचक पहिली ओळ वाचायच्या आधीच फोटोतल्या माणसाबद्दल मत बनवून मोकळा झालेला असतो.

हे मला पटलं ते पुण्यातल्या एका मेसवाल्या काकूंमुळे. घरगुती मेस चालवणाऱ्या बायकांवर लेख होता. बॅग उघडायच्या आत काकूंनी विचारलं, ‘फोटो कुठे काढणार?’

‘तुम्ही म्हणाल तिथे.’

‘मग ओट्यापाशी नको गं. जो येतो तो मला पोळ्याच लाटायला लावतो. मी स्वयंपाकीण नाही, मालकीण आहे. चार जणी पगारावर आहेत माझ्याकडे.’

बस्स! पुढचा अर्धा तास कॅमेऱ्याचं प्रत्येक बटण याच एका वाक्यासाठी दाबलं.

आधी उजेड. काकूंचं हिशेबाचं टेबल खिडकीपासून चार पावलांवर होतं. ते खिडकीशी सरकवलं आणि डोक्यावरची ट्यूबलाईट बंद केली. छतावरच्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात, माणूस उगाच थकलेला दिसतो. शिवाय ट्यूबचा रंग वेगळा, दिवसाच्या उजेडाचा वेगळा. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याची खिचडी! खिडकीचा उजेड एका बाजूने आला. दुसरी बाजू फार काळोखी होत होती, म्हणून तिथे एका ताईंना पांढरी चादर धरून उभं केलं. फुकटातला रिफ्लेक्टर!

मग उंची. बसलेल्या माणसाचा फोटो आपण उभ्यानेच काढतो, आणि तो बिचारा लहानखुरा दिसतो. मी स्टुलावर बसले. लेन्स काकूंच्या डोळ्यांच्या रेषेत आली आणि लगेच त्या माझ्याशी बरोबरीने बोलत असल्यासारख्या दिसायला लागल्या.

अंतराचंही तसंच. मोबाईलची नेहमीची लेन्स वाईड असते. अगदी जवळ नेली तर नाक मोठं, कान गायब. त्यापेक्षा दोन पावलं मागे सरायचं. कॅमेरा असेल तर ५० ते ८५ मिलिमीटरची लेन्स चेहऱ्याला मानवते. फोकस डोळ्यांवर. काकू बोलताना हातवारे करतात, म्हणून शटर एक-शतांश सेकंदापेक्षा वेगवान ठेवलं.

आणि मागे काय? डोक्यातून उगवलेलं कॅलेंडर आधी काढलं, म्हणजे काकूंनाच थोडं डावीकडे सरकवलं. मागच्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. एफ १.८ वर ते नुसता धूर झालं असतं. एफ ५.६ वर ठेवलं, तर काम करणाऱ्या बायका किंचित धूसर, पण ओळखू येण्याइतक्या दिसल्या. समोर मालकीण, मागे तिचा पसारा. वेगळं सांगायला नको!

आता पानाचा विचार. प्रत्येक फोटो आडवा आणि उभा, दोन्ही काढून ठेवायचा. ही नुसती सोय नाही. फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड होते. मूळ फोटो आडवा, मुखपृष्ठ उभं. म्हणून कॉम्प्युटरवर पिरॅमिडच एकमेकांजवळ सरकवले! त्यावर भरपूर टीका झाली. उभी फ्रेम हाताशी असली की असल्या मोहात कुणी पडत नाही. हेडिंगसाठी एका बाजूला मोकळी भिंत सोडायची. आडवा फोटो दोन पानांवर पसरणार असेल, तर चेहरा मधोमध नको, नाहीतर तो घडीत जातो. आणि तीन अंतरांवरून फोटो हवेत: अख्खी खोली, माणूस, आणि वहीवर आकडे लिहिणारा हात.

अंक निघाल्यावर काकूंचा फोन आला. ‘टेबलावर बसलेली बरी दिसते गं मी!’ मानधनापेक्षा आधी मिळालेली पावती ती हीच.

एक तांत्रिक गोष्ट राहिलीच. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे ए-४ आकाराच्या पूर्ण पानाला साधारण २४८० बाय ३५०८. १२ मेगापिक्सेलचा मोबाईलही पुरतो. पण झूम करून, कापून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवून त्याचा जीव घेऊ नका. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे मासिकाला फोटो देतो? देता की! कंपनीचं न्यूजलेटर, टीमचं पान, अ‍ॅन्युअल डेचा अंक... त्यात साहेब खुर्चीत आणि हाऊसकीपिंगच्या मावशी झाडूसकट, असंच चित्र का असतं? पुढच्या वेळी कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी समोरच्याला एवढंच विचारा, ‘तुम्हाला कुठे उभं राहायला आवडेल?’ उत्तर मिळेपर्यंत खिडकी कुठे आहे ते बघून ठेवा.