बैलाच्या वर्षाची छांग

फ्रान्समधल्या बोर्दो भागात 1961 साली ऐन फुलोऱ्यात थंडी पडली. द्राक्षं थोडीच आली, पण त्यांची तांबडी वाइन अशी उतरली, की तळघरात दशकानुदशकं टिकली. त्या साली जन्मलेले हौशी लोक ती महागडी बाटली मिळवून मित्रांबरोबर उघडतात.

म्हैसूर जिल्ह्यातल्या बैलकुप्पेची तिबेटी वसाहतही 1961 चीच. तिबेटी पंचांगात ते लोह-बैलाचं वर्ष. (मराठी कानाला गावाच्या नावातही बैलच ऐकू येतो!) रान साफ करून मका पेरणाऱ्या निर्वासितांकडे तळघर कुठलं? त्यांचं पेय छांग. जव किंवा तांदूळ शिजवून, खमीर घालून लावायची आणि लवकर संपवायची.

लोसारला, म्हणजे नववर्षाला, जुन्या रीतीप्रमाणे सगळेच एकदम वर्षाने मोठे होतात. पाहुणा अनामिका बुडवून तीनदा शिंतोडे उडवतो, मग घोट घेतो. असे तीन घोट. प्रत्येक घोटानंतर यजमान पेला पुन्हा काठोकाठ भरतो. चौथ्यांदा तो रिकामा करायचा. एकट्याने हे व्हायचं कसं? भरणारा कोणीतरी हवाच.

1961 ची मुलं आता साठीपार गेली. कित्येकांची लेकरं परदेशी आहेत. वाइन दूरदेशी धाडता येते, छांग वाटेतच आंबते. यंदा लोसारला कोण कोण येणार, हे विचारून मगच घरातली आजी तांदूळ मोजते.