अर्धा र

दिवाळे कोळीवाड्यातल्या होडीवाल्यांसाठी मी जे ॲप सांभाळतो, त्याच्या मराठी मजकुरात अर्धा र पावलोपावली येतो. किनाऱ्यावर, वाऱ्याचा वेग, खाऱ्या पाण्यातली, दुसऱ्या फेरीचा बर्फ. खाडीकाठच्या माणसाचं या अक्षरावाचून पान हलत नाही, आणि माझ्या एडिटरला ते धड सापडत नाही.

शब्दावर कर्सर ठेवून कंट्रोल-डी दाबत सुटायचं, तोच शब्द जिथं जिथं असेल तिथं नवा कर्सर उभा राहतो, मग सगळीकडे एकदम टाइप करायचं. हे करताना मागं कोणी उभं असेल तर मी अंमळ जोरातच बटणं बडवतो. पण 'किनाऱ्यावर' आणि 'किनार्‍यावर' हे दोन शब्द छापील कागदावर सारखे दिसले तरी एडिटरच्या लेखी वेगळे. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमध्ये ०९३१. दुसऱ्यात साधा र, त्याचा पाय मोडलेला, आणि पुढं न दिसणारा एक जोडक, ज्याला रुंदीच नाही. हा दुसरा प्रकार युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेला आहे. तिसराही आहे: र, त्याखाली नुक्ता, मग मोडलेला पाय. युनिकोडच्या नियमानं मजकूर एकसारखा करून घेतला तर पहिला आणि तिसरा एक होतात. जोडकवाला दुसरा हटून बसतो.

कुठला र आहे ते डोळ्यांना कळत नाही, बॅकस्पेसला कळतं. 'र्‍य' पुसायला घ्या. पहिल्या फटक्यात य जातो. दुसऱ्या फटक्यात काहीच न पुसता नुसतं रूप पालटल्यासारखं होतं, कारण गेलेला असतो तो जोडक, आणि मागं पाय मोडलेला र उघडा पडतो. व्हिम या एडिटरमध्ये अक्षरावर जाऊन जी-ए दाबलं की खाली कोड उमटतो. ०९३१ आला की मी सुटकेचा श्वास सोडतो. ०९३० आला की चहा सांगतो.

साफसफाईच्या नावाखाली न दिसणारी अक्षरं सरसकट काढणारे महाभाग असतात, त्यांनी तर कहर केला. जोडक गेला की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. कोळ्याला दर्याच हवा हे खरं, पण 'वाऱ्याचा'चं 'वार्याचा' झालेलं पाहून जेट्टीवरचे लोक हसले, आणि त्यांनी हसायलाच हवं होतं.

मी व्हिमवाला. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत व्हीआय लिहिला, तो ज्या टर्मिनलवर, त्याच्या एच-जे-के-एल या बटणांवरच बाण छापलेले होते, म्हणून आजही जे म्हणजे खाली. ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली त्याच धर्तीचा व्हिम बाहेर काढला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये वारेपर्यंत तो सांभाळला. आता मराठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकाची गंमत बघा. तिथं 'जे'वर र आणि 'शिफ्ट-जे'वर ऱ. मराठी कळफलक चालू राहिला तर खाली जायला दाबलेलं बटण र पाठवतं आणि व्हिम ढिम्म. इंग्रजी राहिला तर अर्धा र काढायला दाबलेलं शिफ्ट-जे दोन ओळी एकत्र जोडून टाकतं. बर्कलीत कोणाला आमच्या अर्ध्या रची पडली असणार!

माउसला हात लावायचा नाही हा माझा बाणा कॉलेजातला. निळ्या पडद्याचं टर्बो सी, यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' मांडीवर, कंट्रोल-एफनाइन मारून आल्ट-एफफाइव्हनं उत्तर बघायचं. कंट्रोल-के-बी, कंट्रोल-के-के करून ब्लॉक उचलणारा मी, आणि मेन्यू उघडून 'एडिट' शोधणारे बाकीचे. खरं सांगायचं तर माझा प्रोग्रॅम त्यांच्याआधी चालायचा असं काही नाही. पण बघणाऱ्यांना तसं वाटायचं, आणि मला तेवढं पुरायचं.

यंदा डाव्या करंगळीचं मूळ सुजलं. डॉक्टरांनी कंट्रोलपासून तिला लांब ठेवायला सांगितलं. म्हणून मी सांगतो आणि भाची टाइप करते. आणि इथंच माझी पंचाईत. 'अवतरणातलं सगळं बदल' म्हटलं की ती विचारते, 'कुठलं बटण, मामा?' आणि मला टेबलावर बोटं आपटून बघावी लागतात. सी, आय, अवतरणचिन्ह. बोटांना ठाऊक, तोंडाला नाही.

तिच्या पिढीचं एकच बटण, टॅब. अर्धी ओळ लिहायची, उरलेली मशीन फिकट अक्षरात सुचवतं, टॅब दाबून गिळायची. बिल जॉय यांच्या टर्मिनलवर नेमक्या त्याच जागी एस्केप होतं, हे मी तिला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. सुचवलेल्या मराठीत कधी हा र, कधी तो. पण एडिटरची रंगसंगती बदलण्यात दुपार घालवणाऱ्यांपेक्षा ही टॅबवाली मंडळी परवडली.

मी तिला माझं जुनं अस्त्र दाखवलं: शोधाच्या चौकटीत आल्ट-आर दाबून तिन्ही र कंसात मांडलेली पर्यायांची ओळ, घासूनपुसून चकचकीत केलेली. तिनं ती घेतली आणि फाइल जमा होण्याआधी आपोआप चालेल अशी तपासणी लिहिली. जोडक पाय मोडलेल्या रच्या पुढं असेल तरच धरायचा, कारण कुटुंबाच्या इमोजीतही तोच जोडक माणसं बांधून ठेवतो. तपासणी चोख आहे. मला राग एवढाच की आता ती ओळ मारताना कोणी बघणार नाही.

एका गोष्टीवर अजून आमचं जमलेलं नाही. होडीची नावं मालक स्वतः भरतात, त्यांत हे वेगवेगळे र येतात. मी म्हणतो, साठवतानाच सगळे एका साच्यात घाल. ती म्हणते, 'मामा, शोधताना काय ते एकसारखं कर. नाव त्यांचं आहे, त्यांनी जसं भरलं तसंच राहू दे.' सध्या तिचंच चालू आहे, कारण कळफलक तिच्याकडे आहे.