बदकांचं घर

शेजाऱ्यांचा पगार, त्यांच्या जावयाचा बोनस आणि फ्रिजचे थकलेले हप्ते ही सगळी माहिती आमच्या सोसायटीत अर्ज न करता मिळते. सरकारने आपल्या पैशाचं काय केलं, एवढंच काय ते विचारावं लागतं. त्यासाठी २००५ साली माहितीचा अधिकार आला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि ३० दिवस वाट पाहायची. २०१२ साली महाराष्ट्राने अर्जाला १५० शब्दांची मर्यादाही घातली. एवढ्या शब्दांत आमच्याकडे ‘चहा नको’ हेसुद्धा सांगून होत नाही!

पण नेमकं विचारलं तर काय होतं, हे पाहायला साहेबाच्या देशात जावं. तिथेही असा कायदा जानेवारी २००५ मध्ये लागू झाला आणि हेदर ब्रुक नावाच्या पत्रकार बाईंनी खासदारांच्या भत्त्यांची बिलं मागितली. बिलंच हो, अणुबॉम्बचा नकाशा नव्हे! पार्लमेंट म्हणालं, देत नाही. बाई म्हणाल्या, बरं. आणि अपिलात गेल्या. मध्यंतरी, २००७ मध्ये, पार्लमेंटलाच या कायद्यातून वगळणारं विधेयक खासदारांनी आपल्या सभागृहात मंजूर केलं. लॉर्डांच्या सभागृहात मात्र त्याला कुणी वाली भेटेना. शेवटी मे २००८ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, दाखवा.

मग कागदांवर काळं फासायचं काम सुरू झालं. तेवढ्यात न फासलेली प्रत फुटली आणि मे २००९ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने ती रोज थोडी थोडी छापली. एकाच्या यादीत घराभोवतीचा खंदक साफ करण्याचा खर्च. दुसऱ्याने बदकांसाठी तळ्यात घर बांधून १,६४५ पौंड मागितलेले. ते बिल नामंजूर झालं होतं आणि मालकांच्याच सांगण्याप्रमाणे बदकांनाही ते घर पसंत पडलं नव्हतं! लोक हसले, मग भडकले. सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावं लागलं; काही खासदार तुरुंगात गेले.

जूनमध्ये पार्लमेंटची अधिकृत प्रत निघाली. तीत पत्ते काळे केलेले. आणि ग्यानबाची मेख पत्त्यातच होती! कुठलं घर आज ‘पहिलं’ आणि उद्या ‘दुसरं’ दाखवून भत्ता उचलला, ते त्यावरूनच कळत होतं. तेव्हापासून सरकारी उत्तरात काय लिहिलंय यापेक्षा काय खोडलंय हे मी आधी बघतो.

हा कायदा ज्यांच्या राजवटीत झाला, त्या टोनी ब्लेअरसाहेबांनी २०१० च्या आत्मचरित्रात त्यापायी स्वतःलाच मूर्ख म्हणून घेतलंय. कायदा कामाचा आहे, याचं यापेक्षा चांगलं सर्टिफिकेट माझ्या तरी पाहण्यात नाही.