साठ बारचा मास्तर

अंगाने आडवा, चार चाकांवर उभा, त्यातली दोन चाकं ब्रेक लावून लावून कायमची रुसलेली. छातीवर खाचा पाडलेली ॲल्युमिनियमची पाटी आणि त्या खाचांत हवे तिथे अडकवता येणारे व्हॉल्व्ह, एक सिलेंडर, दोन-तीन गेज. पोटाशी 40 लिटरची टाकी, टाकीत 68 नंबरचं ऑइल, वर मोटर आणि गिअर पंप. खाली गळतीचं तेल झेलायला पत्र्याचा ट्रे. भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये हा हायड्रॉलिकचा बेंच उभा असतो, आणि कारखान्यांतून आलेले फिटर त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभे असतात. निम्मी हयात प्रेसखाली उताणं पडून पाना चालवलेल्या माणसांना वाटतं, हे खेळणं आपल्याला काय शिकवणार?

बेंचला त्याचं काही सोयरसुतक नसतं. मोटर चालू होते, गेजचा काटा शून्याच्या आसपास लोळत राहतो. "पंप गेला," मागून कोणीतरी निकाल देऊन मोकळा होतो. पंप ठणठणीत असतो. व्हॉल्व्ह मधल्या पोझिशनमध्ये आहे, तेल तिथून बिनबोभाट टाकीत परत चाललंय. त्याला कोणी अडवतच नाही तर प्रेशर येणार कुठून? शिकवणारे सर लिव्हर ओढतात, सिलेंडर पुढे जातो, टोकाला टेकतो आणि काटा 60 वर जाऊन उभा राहतो. पंप तेल ढकलतो, प्रेशर अडथळ्यातून येतं. ही गोष्ट पुस्तकात पहिल्या पानावर असते, पण ती न कळल्यामुळे चांगले पंप किती कारखान्यांत भंगारात गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

घराणं म्हणाल तर मोठं आहे. द्रवाच्या दाबाचा नियम सांगणारा पास्कलचा ग्रंथ तो गेल्यावर, 1663 साली छापला गेला. त्या नियमावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट इंग्लंडात जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये घेतलं. पण प्रेस गळायची. दाब वाढला की आणखी घट्ट बसणारं कातडी वाटीचं सील बसवून ती गळती थांबवण्याचं श्रेय सहसा दिलं जातं ब्रामाकडे कामाला असलेल्या हेन्री मॉड्स्ली या कारागिराला. नियम विद्वानाचा, पेटंट मालकाचा आणि गळती मिटवणारा फिटर. हा क्रम आजही फारसा बदललेला नाही.

बेंचची खरी कला खोटं बोलण्यात आहे. जेवणाच्या सुट्टीत सर काहीतरी बिघडवून ठेवतात. रिलीफ व्हॉल्व्ह ढिला करतात, सक्शनचा कॉक अर्धा बंद करतात, नाहीतर दोन सॉलेनॉइडच्या वायरी एकमेकींच्या जागी लावतात. दुपारी तीच माणसं त्याच यंत्रापुढे येतात आणि यंत्र आजारी. पंपातून खडे भरडल्यासारखा आवाज यायला लागतो. पहिला हात पान्याकडे जातो, तेव्हा सर म्हणतात, "मामा, खोलू नका. आधी सांगा, कुठे आहे?" इथे खरी परीक्षा सुरू होते. शॉप फ्लोअरवर लाइन उभी असते, डोक्यावर मॅनेजर उभा असतो, तेव्हा दिसेल तो पार्ट बदलणं हाच धर्म. रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर अडकलेला एक धातूचा कण काढायचा असतो आणि आपण अख्खा पंप उतरवून बसतो. बेंचपुढे वेळ असतो. सर्किट कागदावर काढा, तेल कुठून कुठे जातंय त्यावरून बोट फिरवा, मगच पाना.

एक प्रयोग मात्र सगळ्यांची घडी सोडवतो. सिलेंडर साधा, 40 मिलिमीटर बोअर, 25 चा रॉड. रॉडच्या बाजूने बाहेर पडणारं तेल फ्लो कंट्रोलने पार आवळून टाकायचं आणि मागून 60 बार द्यायचे. मागचं गेज 60 दाखवतं. पुढचं गेज जवळजवळ 100. "घातले 60, वरचे 40 कुठून आले?" उत्तर सिलेंडरच्या पोटात आहे. मागच्या बाजूला पिस्टनचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. पुढच्या बाजूला रॉडने जागा खाल्लेली, उरतं पावणेआठच्या आत. तेवढाच जोर लहान जागेवर पडला की दाब चढणारच. त्याच हिशेबाने हा सिलेंडर जायला सुमारे 1.6 सेकंद घेतो आणि परत येताना एका सेकंदात येतो. अशा वेळी प्रेस शॉपचा एखादा फिटर हळूच बोलतो, "आमच्याकडे पुढचंच सील सारखं जातं हो. आम्ही कंपनी बदलून पाहिली." सील बिचारं निर्दोष होतं. कुणीतरी स्पीड कमी करायला पुढचा व्हॉल्व्ह आवळला होता, आणि त्यांच्याकडे 60 नाही, 160 बार होते.

साखर कारखान्यातून आलेला मिल फिटर वेगळ्याच कारणाने गप्प होतो. उसाच्या मिलचा वरचा रोलर हायड्रॉलिकने दाबून धरलेला असतो, त्यामुळे ॲक्युम्युलेटर म्हणजे नायट्रोजन भरलेली ती बाटली त्याच्या रोजच्या ओळखीची. बेंचवरही एक छोटी आहे. सर मोटर बंद करतात, मेन स्विच पाडतात, मग लिव्हर ओढतात. सिलेंडर चालतो! वीज नाही, पंप नाही, तरी चालतो. "मशीन बंद आहे" आणि "प्रेशर उतरलंय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्वस्तात कुठे कळत नाही.

मास्तरचा दोषही सांगायला हवा. तो फार मवाळ आहे. 60 बारवर भागवतो, तेल स्वच्छ, खोलीत पंखा. बाहेर एक्स्कॅव्हेटरमध्ये 350 बारच्या घरात दाब, तेल हात भाजेल इतकं तापलेलं, वेळ रात्री तीनची. बेंचवर होज काढताना चार थेंब उडतात, लोक हसून हात चिंधीला पुसतात, आणि ती सवय घरी नेतात. होजला टाचणीएवढं भोक पडलं की त्यातून सुटणारी धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर दिसतो सुई टोचल्यासारखा ठिपका, दुखतही नाही फारसं. पण आत गेलेलं तेल ताबडतोब ऑपरेशन करून काढलं नाही तर बोट जातं, कधी हातही. म्हणून लिकेज हाताने चाचपायचं नाही, पुठ्ठा फिरवून शोधायचं. धार लागलीच तर मलमपट्टीत वेळ न घालवता सरळ मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि डॉक्टरांना आत तेल शिरलंय हे आपण होऊन सांगायचं. ही भीती बेंच दाखवू शकत नाही, सरांनाच ती बोलून घालावी लागते. जे घालत नाहीत, त्यांचं शिकवणं अर्धं.

तरीही पडद्यावर स्लाइड दाखवून, चहा-बिस्किटं देऊन सर्टिफिकेट वाटणाऱ्या कोर्सपेक्षा हा मवाळ मास्तर कितीतरी पटीने बरा. इथे निदान हात तेलकट होतात आणि चूक झाली तर प्रॉडक्शन बुडत नाही.

तेव्हा मेंटेनन्स खात्यातल्या साहेबांना एवढंच सांगणं आहे. ट्रेनिंगला नावं मागवणारं पत्र आलं की बहुधा टेबलावरच्या माणसाचं नाव जातं, कारण त्याला सोडणं सोपं असतं. या वेळी नाइट शिफ्टला प्रेसखाली शिरणाऱ्या फिटरचं नाव लिहा. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रेकडाऊन आला म्हणून त्याला फोन करून परत बोलावू नका.