केसपेपर

आमच्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली, एक सरकारी केसपेपर घडी करून ठेवलेला आहे. नाव आईचे. साल २०२२.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ती न्हाणीपाशी घसरली आणि उजवे मनगट मोडले. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी खिडकीवर पैसे भरून केसपेपर काढला, हाताला प्लास्टर घातले गेले आणि शेवटच्या एस.टी.ने आम्ही घरी आलो. रात्री बोटे सुजून काळीनिळी पडली. शेजाऱ्यांची जीप काढून पुन्हा दवाखाना गाठला, तर डॉक्टर बाळंतपणाच्या खोलीत. "येतो" असा निरोप दोनदा आला. प्लास्टर कापले गेले ते उजाडताना. मनगट सांधले, पण दोन बोटे वाकडी झाली ती झालीच.

मास्तराचा राग म्हणजे अर्ज! तो लिहून मी वकील झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. म्हटले, डॉक्टरला ग्राहक न्यायालयात खेचायचा.

"सर, पैसे किती भरलेत?"

मी केसपेपर पुढे केला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणले खरे. पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात, असा दवाखाना त्यातून वगळला. नोंदणीपुरते दिलेले चार पैसे ही फी नव्हेच. म्हणजे दाम मोजणारा तो ग्राहक. आणि न मोजणारा कोण, हे तीस मुलांना व्याकरण शिकवणाऱ्या मला अजून सुचलेले नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क झाले. गरिबाची सोय झाली, यात शंका नाही.

"दुसरे दरवाजे आहेत, सर," तो म्हणाला. "पण ठोठावायचे कोणाचे, ते आधी ठरवा." आणि त्याने बंगालमधल्या एका शेतमजुराची हकिकत सांगितली. १९९२ साली तो आगगाडीतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी इस्पितळे फिरला; कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. शेवटी खाजगी दवाखान्यात कर्ज झाल्यासारखा पैसा ओतून वाचला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली, ती कोणा डॉक्टरला नव्हे, राज्य सरकारला! पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असेही बजावले.

घरी येऊन आईला हे सांगितले. ती म्हणाली, "ते पोरगं एकटंच होतं रे. तिकडे त्या बाईचं मूल अडलं होतं. माझी बोटं थांबली, ते मूल कसं थांबणार?"

रात्री मी अर्ज फाडून पुन्हा लिहिला. डॉक्टरला अगदीच सोडले नाही. 'बोटे सुजली तर तसेच परत या', एवढे वाक्य प्लास्टर घालताना बोलायला कितीसा वेळ लागतो? ते मी विचारलेच. पण त्याच्या वर दुसरा प्रश्न घातला: अख्ख्या दवाखान्याला त्या रात्री डॉक्टर एकच का होता, आणि ही नेमणूक कोणाच्या सहीने झाली?

उत्तर आले. 'अर्ज पुढील कार्यवाहीसाठी वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविण्यात आला आहे.' ते मी केसपेपरला टाचून ठेवले. नंतर दोन स्मरणपत्रे धाडली. तिसरे या सुट्टीत धाडणार आहे.

आई आजही करंज्यांत सारण भरते. मुरड घालायची वेळ आली, की माझ्या मुलीला हाक मारते.