संगमावरची छत्री

सहलीचा अखेरचा दिवस. मंडळी खरेदीसाठी पांगली. मी मात्र मार्गदर्शकाला वाट विचारून फ्लॉरेन्सच्या कास्चिने उद्यानाच्या पार टोकाला गेले. माझे माहेर कोल्हापूरचे. तेथील दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, ऐन विशीत, याच शहरी निवर्तले, हे लहानपणापासून ऐकलेले.

आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. त्या मुलखात तेव्हा दहनाची रूढी नव्हती; तरी नगरपालिकेने खास परवानगी दिली. १८७४ साली तेथे छत्री उभी राहिली. तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे.

माझा धाकटा भाऊ परदेशी वारला, तेव्हा आमच्यापैकी कोणीच पोहोचू शकले नाही. शेजाऱ्यांनीच त्याला अग्नी दिला. त्यांचे समाचाराचे पत्र आले. परंतु मनातल्या सलामुळे मी ते अकरा वर्षे अनुत्तरित ठेवले. परक्यांनी दीडशे वर्षे जपलेल्या त्या छत्रीपुढे हात जोडले आणि मला माझीच लाज वाटली.

बडोद्यास परतल्यावर पहिले पत्र लिहिले, ते त्या शेजाऱ्यांना.